चिंधी बांधलेला नळ

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात त्यांना कोणी नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. पगाराच्या कागदावर असेल नाव, पण कुणाच्या जिभेवर नव्हतं. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना कानवाले म्हणत. बायकोचं डोकं फिरलं की तीही तेच म्हणायची. "अहो कानवाले, रस्त्याच्या पोटातलं ऐकता, मग मी काय इथे मघापासून भिंतीशी बोलतेय?"

त्यांचं काम होतं जमिनीखालच्या पाइपांची गळती शोधायचं. हातात कमरेएवढी लोखंडी सळई आणि तिच्या वरच्या टोकाला लाकडाची वाटी. सळईचं खालचं टोक पाइपावर नाहीतर पाणी सोडायच्या-बंद करायच्या चावीवर टेकवायचं, वाटी कानाला लावायची आणि श्वास रोखायचा. पाणी गप्प बसत नाही, हा त्या कामाचा पाया. पाइपातून नुसतं जाताना ते एक बोलतं, मातीत गळताना दुसरं, आणि कुणाच्या बादलीत पडताना तिसरंच. गळती शोधायचं मशीनही ऑफिसात होतं, आणि ते कानवाल्यांपेक्षा चांगलंच होतं, उगाच खोटं कशाला बोला. पण ते सदानकदा दुरुस्तीला गेलेलं असे. कानवाले दुरुस्तीला जात नसत.

आता एवढा गुण अंगात असल्यावर माणूस थोडा फुशारणारच. रस्त्यावरच्या चावीला सळई लावायची आणि सांगायचं, या घरात खाली भांडी घासतायत आणि वर कुणाची तरी आंघोळ चाललीय. लोक तोंडात बोटं घालत. "दार न वाजवता सांगतो, घरात माणूस आहे की नाही," असं ते चहाच्या टपरीवर ऐकवत. बढाईच होती ती, पण तिला आधार होता. आधार असलेली बढाई फार वाईट. बिनबुडाची असली की लोक निदान हसण्यावारी तरी नेतात.

मग दुष्काळ आला आणि मुक्कामालाच राहिला. पहिल्या वर्षी लोक आकाशाला शिव्या देत होते, दुसऱ्या वर्षी पाणीखात्याला, आणि तिसऱ्या वर्षी शिव्या द्यायलाही घशात ओल राहिली नाही. धरणात उरला तो मृतसाठा. धरणाच्या दारांच्या खाली जे पाणी राहतं, जे आपल्या पायांनी बाहेर येऊ शकत नाही, त्याला खात्याच्या भाषेत मृतसाठा म्हणतात. तराफ्यावर पंप चढवून तेच उपसलं आणि तेच सगळे प्यायले. पाण्याला गाळाचा वास यायचा. त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. आठवड्यातून एकदा, सकाळी, थोडाच वेळ नळ यायचा, आणि तेवढ्यात मिळेल ते भरायचं.

बरेच लोक घरं बंद करून नातेवाइकांकडे गेले. तेव्हा वरून हुकूम आला की ज्या घरात माणसं नाहीत त्यांच्या जोडण्या बंद करा, म्हणजे राहणाऱ्यांच्या वाट्याला दोन घोट जास्त येतील. हुकूम शहाणपणाचाच होता. दुष्काळातले बहुतेक हुकूम शहाणपणाचेच असतात, तिथेच तर गोम असते.

साहेबांनी कानवाल्यांना बोलावलं. "कोणतं घर रिकामं आहे ते तुमच्याइतकं कोण सांगणार?" कानवाले खूश झाले. नळ आला की ते गल्लीत शिरत. दार वाजवायचं, हाक मारायची. दार उघडलं नाही तर रस्त्यावरच्या चावीला सळई लावायची. ज्या सकाळी अख्खी गल्ली जीव मुठीत धरून पाणी भरतेय, त्या सकाळी एखाद्या घराचा नळ गप्प असेल, तर आत कोणी नाही हे शेंबडं पोरही सांगेल. चावी फिरवायची, उंबऱ्यावर खडूने फुली मारायची आणि पुढे जायचं. शिंप्यांच्या गल्लीत अगदी टोकाचं घर एका बाइंडरबाईंचं होतं. पुस्तकं बांधून द्यायच्या घरच्या घरी. कानवाल्यांनी दार वाजवलं, दोनदा हाक मारली, सळई लावली. आवाज काही नाही. चावी फिरवली, फुली मारली. त्या दिवशी अशी पुष्कळ घरं झाली, आणि हे त्यांतलंच एक.

पुढे पाऊस आला तोही शहरावर नाही, वर डोंगरात पडला. धरण भरू लागलं. वर्तमानपत्रात रोज टक्के छापून यायचे आणि लोक ते आजाऱ्याच्या तापासारखे विचारायचे, आज किती? नळ आधी दिवसाआड झाला, मग रोज. पण भोगलेलं माणसांच्या अंगातून जाईना. लोकांनी पिंपं काढली नाहीत. कानवाल्यांच्या बायकोने तर कढयासुद्धा भरून ठेवलेल्या. कढई हवी असली की आधी तिच्यातलं पाणी ठेवायला दुसरं भांडं शोधा. "येईल रोज म्हणतायत, पण येईलच कशावरून?" असं तिचं म्हणणं. ती खात्याच्या माणसाची बायको होती, त्यामुळे तिचा खात्यावर विश्वास नव्हता.

आणि त्याच दिवसांत कानवाल्यांना तो आवाज ऐकू येऊ लागला.

बारीक होता. केसाएवढी धार कुठेतरी उतरतेय असा. जेवताना यायचा, ऑफिसात सही करताना यायचा. ते ताटावरून उठून मोरीत जात, सगळे नळ आवळून बघत. नळ कोरडे. बायको म्हणायची, "अहो, सगळं बंद आहे हो." डॉक्टरांनी कानात बत्ती घालून पाहिलं आणि कान उत्तम आहेत, वयाने होतं असं, म्हणून सांगितलं. कानवाल्यांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, हा आवाज आतला नाही, बाहेरचा आहे, कुठेतरी खरोखर चाललाय आणि आपल्याला सापडत नाहीये. उभ्या आयुष्यात सापडला नाही असा आवाज त्यांना भेटला नव्हता. त्यांना भीती वाटू लागली. भरदिवसा, माणसांनी भरलेल्या रस्त्यात, सळई हातात असताना वाटायची.

अशातच बंद केलेल्या जोडण्या पुन्हा चालू करायचा हुकूम निघाला. परतलेली माणसं खात्यासमोर तळ ठोकून बसली होती. कानवाले गल्लीगल्लीतून चाव्या उघडत सुटले. कोरड्या पडलेल्या पाइपात आधी हवा धावते, शिट्ट्या घालते, मग लालसर पाणी येतं. एकेक घर जागं होत होतं, आणि त्यांना जरा बरं वाटत होतं.

शिंप्यांच्या गल्लीत टोकाच्या घराची चावी त्यांनी उघडली आणि सवयीने सळई लावली. आधी हवा गेली. मग असा दणदणाट झाला की त्यांनी वाटी कानापासून दूर केली. आत नळ होता, आणि तो पुरा सताड उघडा होता.

दाराला कुलूप होतं. उंबऱ्याखालून पाणी बाहेर येऊ लागलं. त्यांनी चावी झटकन बंद केली आणि समोरच्या घरातल्या शिंपिणीला हाक मारली. ती मशीनवरून उठून आली. "किल्ली माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "त्यांची भाची देऊन गेलीय." एवढं बोलून ती खाली बघू लागली.

आत खोली एकच होती. भिंतीला लागून दाबयंत्र, त्यात कुणाचं तरी अर्धं बांधलेलं पुस्तक अजून आवळलेलं. शिवायच्या कागदांचे गठ्ठे जमिनीवर होते आणि आता भिजून चिकटले होते. कोपऱ्यात मोरी. मोरीत नळाखाली भांडी मांडून ठेवली होती. पुढे घागर, मग पातेली, मग तांब्या, खळीचा डबा, आणि सगळ्यांत शेवटी चहाचा एक कप. आत्ताच्या लोटाने ती उलटीपालटी झाली होती, पण मांडलेली होती हे आंधळ्यालाही कळलं असतं. नळाशेजारी एक पाट होता आणि त्यावर उशी. भिंतीला एक लांब चिंधी येऊन चिकटली होती, पुस्तकाच्या पाठीला लावतात त्या कापडाची.

"हे काय?" कानवाल्यांनी विचारलं.

"चिंधी? त्या नळाला बांधायच्या," शिंपीण म्हणाली. "थेंब उडून वाया जायला नको म्हणून. आणि धार अशी बारीक सोडायच्या, चिंधीवरून सुळ्ळकन खाली उतरायची. म्हणायच्या, आधी पोराबाळांची घरं भरू देत, मी काय, बसलेलीच आहे. मी सांगायचे, काकू, अशाने तुम्हाला कधी पुरायचं? पण सांगून काय, त्यांना ऐकू कुठे येतं? ठार बहिऱ्या. त्यांना बोलवायचं तर खिडकीशी जाऊन हात हलवावा लागतो."

कानवाले पाटावर बसले. भिजल्या कापडावरून उतरणाऱ्या पाण्याला आवाज नसतो. सळई लावा, मशीन लावा, नसतो. आणि बहिऱ्या माणसाला दार वाजलेलं कळत नाही. बाई आत होत्या. ते रस्त्यावर वाटीला कान लावून उभे होते तेव्हा बाई इथे, याच पाटावर बसून होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ती धार थांबली असणार. मग त्यांनी नळ आणखी उघडला असेल. मग आणखी. मग सताड.

"कधी गेल्या?" त्यांनी विचारलं.

"तुमची फुली पडली त्यानंतर... दिवस काही लक्षात नाहीत. फुली बघून मला वाटलं, खात्याचे लोक बघून गेले, म्हणजे त्या नसणार. मी म्हटलं, मला न सांगता कशा गेल्या? पण विचारायला नाही गेले." ती पदराचं टोक पिळत होती. "त्या दिवसांत कोणी कोणाचं दार वाजवत नव्हतं हो. वाजवलं की समोरच्याला वाटायचं, पाणी मागायला आली. मग एके सकाळी भाची आली. तिने आणि गाडीवाल्याने त्यांना चादरीत उचलून नेलं. मी खिडकीतून बघितलं."

"जिवंत होत्या?"

"चादरीत होत्या," शिंपीण म्हणाली.

"बाहेर का नाही आलात?"

"नळ आला होता," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. पुढे भाची किल्ली द्यायला आली तेव्हाही तिने काही विचारलं नव्हतं. तोंडच नव्हतं विचारायला.

तिच्याकडून भाचीचा पत्ता घेऊन कानवाले घरी आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. बायकोला सगळं सांगितलं.

"मी जाणार," ते म्हणाले. "असतील तर त्यांना, नसतील तर भाचीला. तोंडावर सांगणार की मी केलं."

"आणि मग?"

"मग काय? त्यांनी मला काय हवं ते बोलावं. फक्त एकदा म्हणावं, तुला माहीत नव्हतं म्हणून. एवढं ऐकलं की सुटेन मी."

बायको पातेल्यातलं पाणी उगाच या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहिली. "माफी मागायला जाताय की आणायला जाताय?" ती म्हणाली. "दोन्ही एक नव्हे. जा. पण नीट बघून बोला."

भाचीचं गाव धरणापलीकडे होतं. बस धरणाच्या काठाकाठाने जाते. बसमध्ये लोक खिडकीशी गर्दी करून पाणी बघत होते, बोटं दाखवत होते, कोणी फोटो काढत होतं. पाणी होतं खरं, पुष्कळ होतं. पण काठाला अजून चिखलाचा उंच पट्टा उघडाच होता, आणि तीन वर्षांत कोरड्या तळात उगवलेल्या बाभळी आता गळ्यापर्यंत बुडाल्या होत्या. त्यांचा पाला काळा पडला होता. नवं पाणी त्या सगळ्याला वरून झाकत होतं. कोरडं असताना तळात कुणीतरी शेत केलं होतं, त्याच्या बांधाची ओळ पाण्याखाली अजून दिसत होती. कानवाल्यांना ते बघवेना. सगळे म्हणत होते धरण सावरलं. त्यांना वाटत होतं, वर पाणी आलं म्हणजे खालचं झालं नाही असं थोडंच होतं?

भाचीने दार उघडलं. चाळिशीची बाई, हाताला पीठ. कानवाल्यांनी खिशाला लावलेलं ओळखपत्र तिने वाचलं आणि तिचा चेहरा मिटल्यासारखा झाला.

"बाइंडरकाकू..." त्यांना पुढचं विचारता येईना.

"आहेत," भाची म्हणाली.

कानवाल्यांनी चौकट धरली. कितीतरी दिवसांनी छातीत पुरता श्वास गेला. आहेत! म्हणजे सांगता येईल. म्हणजे त्या बोलतील, रागावतील, काय वाटेल ते करतील, आणि मग कधीतरी ते एक वाक्य म्हणतील.

बाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. वाळून काटकी झालेल्या. मांडीवर जुन्या वर्तमानपत्रांचे कागद होते आणि त्या त्यांच्या बरोब्बर घड्या घालत होत्या, कडेला कड. हाताची सवय. त्यांनीही ओळखपत्र जवळ ओढून वाचलं आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्याने म्हणाल्या, "पाण्याचे का तुम्ही? या, या! धरण भरलं का हो?"

"अर्ध्यावर गेलं," कानवाले म्हणाले.

"काय?"

"अर्ध्यावर! गेलं!" त्यांनी ओरडून सांगितलं.

"छान झालं. फार हाल झाले हो सगळ्यांचे. तुम्हाला तर किती बोलणी बसली असतील. पाणी नाही आलं की लोक पहिल्यांदा पाणीवाल्यालाच खातात." त्यांनी एक घडी घातली. "शेवटी शेवटी तर संपलंच, नाही का? मी नळ उघडा ठेवून बसायचे. मला ऐकू येत नाही ना, म्हणून चिंधीला बोट लावून ठेवायचे. ओली झाली की कळायचं, आला. मग ती ओली होईचना. रात्रीसुद्धा हात लावून बघायचे."

कानवाले खाली वाकले. "शेजारी मागायचं ना, काकू!"

"कुणाकडे? त्यांच्याकडे तरी कुठलं असणार?" बाई त्यांच्याकडे अशा बघत होत्या, जणू एवढ्या मोठ्या माणसाला हेही कळू नये. "समोरच्या शिंपिणीची दोन लहान पोरं. मी दार वाजवलं असतं तर तिला नाही म्हणावं लागलं असतं. नाही म्हणताना माणसाला फार लाज वाटते हो. कशाला कुणाला लाजवायचं? म्हटलं, जे सगळ्यांचं होईल ते माझं."

भाची स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. मावशीला न्यायला आली त्या सकाळी ती गल्लीतूनच आली होती. दारोदार भांडी भरून वाहताना तिने पाहिली असणार. ती कानवाल्यांकडे बघत होती, आणि एवढे दिवस मावशीला तिने ते सांगितलं नव्हतं हे त्यांना त्या बघण्यातच कळलं.

बाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. "एक विचारू? तुम्ही खात्यातले आहात, तुम्हाला ठाऊक असणार." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. स्वतःला तो ऐकू येत नसताना तो त्यांनी कसा बारीक केला कोण जाणे. "ही काही नीट सांगत नाही. मला कधीकधी वेडंवाकडं मनात येतं. सगळ्यांचंच बंद झालं होतं ना?"

सांगायला आलेलं सगळं कानवाल्यांच्या जिभेच्या टोकावर होतं. बसमध्ये त्यांनी ते घोकलं होतं. मी केलं. मला वाटलं घर रिकामं आहे. त्यातलं पहिलं वाक्य उच्चारलं की पुढचं बाईंना आपोआप कळणार होतं. की गल्लीत पाणी होतं. की भिंतीपलीकडे बादल्या भरत होत्या आणि त्या चिंधीला बोट लावून बसल्या होत्या. की एकाही माणसाने खिडकीशी येऊन हात हलवला नाही. कानवाल्यांची सुटका झाली असती, आणि बाईंना मात्र उरलेले सगळे दिवस त्या गल्लीत एकटीने काढावे लागले असते.

"सगळ्यांचंच, काकू," ते म्हणाले.

"काय?"

त्यांनी गुडघे टेकले, तोंड बाईंच्या कानाशी नेलं आणि घरभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "सगळ्यांचंच बंद होतं! कुणालाच नव्हतं! आमच्या घरीसुद्धा नव्हतं!"

"हां," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले आणि पाठ खुर्चीला टेकवली. "मग बरं. मला वाटायचं, माझ्या एकटीचंच गेलं की काय."

भाची दारातून आत निघून गेली. आत तिने नळ सोडला आणि बराच वेळ चालू ठेवला.

बाईंनी डोळे उघडले. "आणि तुम्ही कशासाठी आला होतात? काही काम होतं का?"

"नळ चालू झालाय!" कानवाले ओरडले. "तेवढंच सांगायला आलो होतो!"

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि थोपटला. "देवमाणूस आहात हो," त्या म्हणाल्या. "एवढ्याशासाठी इतक्या लांब कोण येतं?"